सव्वापाच फुटांचा पलंग

दीपक घाडीगावकर खोटं बोलला नव्हता, ही त्याची बाजू. ती त्याने स्वतःला इतक्यांदा ऐकवली की शेवटी त्यालाच तिचा वीट आला.

हा लालबागच्या चाळीतला पोरगा. प्लास्टरची, लाद्यांची कामं घेता घेता पन्नाशीला आला आणि परळ गावात बंद पडलेल्या एका छापखान्याची जागा घेऊन त्याने स्वतःच्या हिमतीवर सात मजले चढवले. घर आधी, गिऱ्हाईक मागून, असा हा धंदा. बांधायचं आणि मग वाट बघत बसायचं. इमारतीला आईचं नाव दिलं, 'कालिंदी'. चौदा घरं होती, त्यातली नऊ वर्षभर तशीच पडून राहिली. लोक यायचे, बेडरूमच्या दारात थबकायचे आणि म्हणायचे, "छोटी आहे हो." छोटी होतीच. साडेआठ फुटांची भिंत गोड बोलून काही लांब होत नाही.

मग कुणीतरी अक्कल दिली. पहिल्या मजल्यावर एक सॅम्पल फ्लॅट सजव आणि त्यात पलंग आखूड ठेव. सगळेच करतात. माणूस घर बघायला येतो तेव्हा भिंती मोजतो, दारं मोजतो, पलंग कोण मोजणार? पलंग माणसाएवढा असतो, हे तो आईच्या पोटातूनच शिकून आलेला असतो. दीपकने रे रोडवरून प्लाय आणला आणि गणपत मेस्त्रींना माप सांगितलं, लांबी सव्वापाच फूट. कानामागची पेन्सिल काढता काढता म्हातारा थांबला.

"पोराटोरांचा पलंग काय?"

"नाय. बेडरूमचाच."

"मग यावर झोपणार कोण?"

"कोणीच नाही," दीपक म्हणाला आणि हसला. मेस्त्री हसले नाहीत. पण काम चोख केलं. वर जाड गादी, भारी चादर, चार उशा पडल्या आणि खोली एकदम ऐसपैस दिसायला लागली. दोन महिन्यांत पाच घरं गेली.

सहाव्यासाठी गंगुकाकी आल्या.

गंगुबाई राणे दीपकच्या चाळीतल्या, त्याच मजल्यावरच्या. लहानपणी त्यांच्या हातची भाकरी त्याने घरच्यापेक्षा जास्त खाल्ली असेल. त्यांचे यजमान भिकाजी राणे, चांगले सहा फुटी, चाळीच्या कबड्डी संघाचे कॅप्टन. पुढे अख्खं लालबाग त्यांना कॅप्टन म्हणूनच ओळखायला लागलं. पाच वर्षांपूर्वी त्यांचं अर्धं अंग गेलं. एका खोलीत मुलगा, सून, नात आणि खाटेवर कॅप्टन. शौचाचं भांडं द्यायची वेळ झाली की सून मुकाट्याने गॅलरीत जाऊन उभी राहायची आणि कॅप्टन तोंड भिंतीकडे करायचे. काकींना घर हवं होतं ते एवढ्यासाठी. दार लावता येईल अशी खोली हवी आणि चाकाच्या खुर्चीवरून जाता येईल असा स्वतःचा संडास. त्यासाठी गावची आंब्याची कलमं त्यांनी विकायला काढली होती.

येताना काकींनी सुतळी आणली होती, खुर्चीच्या रुंदीएवढी, दोन्ही टोकांना गाठ. बाहेरचं दार मोजलं. बेडरूमचं दार मोजलं. या घरांत संडास-बाथरूम बेडरूमच्या आतून होतं आणि तिथे जायची वाट पलंगाच्या पायथ्याशी. काकी वाकल्या, पलंग आणि भिंत यांच्यामध्ये सुतळी धरली. वर वीतभर जागा उरली.

"जाता रे! खुर्ची जाता!"

"काकी, तो पलंग..." दीपकच्या तोंडात शब्द आले. खरंच आले होते.

"पलंगाचा काय?"

"काही नाही. बरा आहे ना?"

"तू केलंस म्हटल्यावर मी काय बघूचा?" काकी म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला.

काकींनी घर घेतलं. वास्तुशांतीला दीपकला मानाचं बोलावणं आलं. काकींनी त्याला पाटावर बसवलं, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि पाहुण्यांना सांगितलं, "आमच्या चाळीतलो झील, माझ्या पोरासारखो. यानं बांधलंन." मग कॅप्टनना भेटायला आत नेलं.

कॅप्टन गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडले होते. खाट त्यांचीच होती, जुनी सागवानी. पायथ्याकडून सव्वा फूट कापून टाकलेली. कापलेल्या जागी लाकूड अजून ताजं, पिवळं दिसत होतं.

"खाट लावली नि खुर्ची अडकली," काकी हळू आवाजात सांगत होत्या. "खाट फिरवून लावली, तर दार उघडेना. हॉलात ठेवू म्हटलं, तर सुनेसमोर नको म्हणाले. मगे कापली. माझाच माप चुकला रे. मी सगळ्यांका सांगतंय, घरात खोट नाय, माझीच अक्कल कमी पडली. तुझ्या नावाक बोल नको."

कॅप्टननी वाकड्या झालेल्या तोंडाने दोन शब्द जुळवले. "घर... बरां हा."

दीपक मान हलवून बाहेर आला. प्रसादाचा द्रोण हातात तसाच राहिला. लाज वाटली, आणि लाज म्हणजे काय ते त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कोणी आईबहिणीवरून शिव्या दिल्या असत्या, तर त्याने चार उलट दिल्या असत्या आणि मोकळा झाला असता. पण जिला फसवलं तीच आपली बाजू घेऊन चारचौघांत भांडते आहे, हे कुठे नेऊन ठेवायचं? इमारतीत शिरताना आईच्या नावाची पाटी दिसे, तर तो मागच्या फाटकाने जायला लागला. आज सांगू, उद्या सांगू, असं महिनाभर चाललं. पलंग मात्र त्याने काढला नाही. तीन घरं अजून विकायची होती. हे त्याला स्वतःशी कबूल करतानाही तोंड लपवावंसं वाटे.

आणि एका रविवारी सकाळी काकी पुन्हा सॅम्पल फ्लॅटमध्ये हजर झाल्या. बरोबर त्यांची भाची अक्षदा होती. नुकतं लग्न झालेली, घर शोधणारी.

"हिका दाखव," काकी म्हणाल्या. "बाहेर कोणाचो भरवसो? तू आपलो माणूस. पण अक्षदा, नीट मोज हां गो. माझ्यासारखी घाई करू नको."

अक्षदाने सुतळी घेतली. दार मोजलं. भिंत मोजली. मग पायथ्याशी वाकून वाट मोजली आणि खूश होऊन म्हणाली, "मावशी, अगं चिक्कार जागा आहे!"

काकी कौतुकाने दीपककडे बघत होत्या. त्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तो पलंगाच्या कडेला बसला, बूट काढले, मोजेही काढले. मग उशीवर डोकं टेकून सरळ आडवा झाला, हात अंगाला चिकटवून, छताकडे बघत.

"काय रे, दमलंस?" काकी हसल्या.

त्याचे दोन्ही पाय घोट्यांच्या वरपासून पलंगाबाहेर अधांतरी राहिले होते. अक्षदाच्या ते लगेच लक्षात आलं. ती हातातल्या सुतळीकडे आणि त्या पायांकडे आळीपाळीने बघू लागली. काकींना जरा वेळ लागला. मग त्या पायथ्याशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी त्या पायांकडे पाहिलं, पलंगाच्या कडेवरून एकदा हात फिरवला आणि आवाज जराही न चढवता विचारलं,

"तेव्हा का नाय झोपलंस रे?"