ही रेघ पडायलाच हवी होती

अन्याय माझ्या आईवर झाला. सोनईला कांदा पिकवणारी बाई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नगरच्या एका दवाखान्यात, तिच्या हातात तिच्या रक्ताचा आलेख दिला गेला आणि तो वाचायचा कसा हे कोणीही सांगितलं नाही.

आठवडाभर आधी डॉक्टर म्हणाले होते, "अक्यूट किडनी इन्ज्युरी." म्हणजे मूत्रपिंडांनी अचानक काम टाकणं. गुडघ्यांसाठी दुकानातून आणून रोज खाल्लेल्या गोळ्यांचा हा प्रताप. पाय सुजले होते, ते आम्ही कामाच्या दगदगीवर ढकललं. मग डायलिसिस, म्हणजे यंत्रातून रक्त धुणं. दोनदा झालं. तिसऱ्यांदा न्यायला नर्स आली, तर आईने खाटेचा गज धरला.

"न्हाई यायची. मला घरी न्या."

उशीखालून तिने आलेख काढला. लाल रेघ, उतरती. "बघ, कशी खाली चाललीया. संपलं माझं."

आमच्या घरी आलेख म्हणजे मोबाईलवरचा कांद्याचा भाव. घोडेगावचा बाजार चढला की रेघ वर, आई खुशीत. पडला की घरात कोणी बोलत नाही. तिची नजर त्याच रेघेवर तयार झालेली. त्यात भीती. खाली 'क्रिएटिनिन' छापलं होतं. पण घाबरलेला माणूस अक्षरं वाचत नाही, उतार वाचतो. मी पत्रकं लिहिणारी, तरी मीही आधी उतारच वाचला.

राउंडला आलेल्या डॉक्टरांना मी अडवलं. "हे कागद छापता कुणासाठी?"

ते खाटेवर टेकले. "मावशी, क्रिएटिनिन म्हणजे रक्तातली घाण. किडनी ती बाहेर टाकते. ही रेघ पडायलाच हवी. तुम्ही बऱ्या होताय."

"म्हंजी ह्यो भाव न्हाई?"

"नाही. वाफ्यातलं तण समजा. निघतंय."

"मग पडू द्या की मेलीला!" आई म्हणाली आणि स्वतःच उठून चाकाच्या खुर्चीत बसली. शेजारच्या खाटेवरची बाई हसून हसून खोकली.

रेघ पडली. पार तळाला गेली. लघवी सुरळीत झाली, यंत्र सुटलं. आता आई कांद्याच्या रोपात उभी असते, गोळीशिवाय, गुडघ्यांना शिव्या देत. त्या डॉक्टरांचे आभार. त्यांच्या वॉर्डात आता प्रत्येक आलेखावर पेनाने लिहितात: 'खाली म्हणजे चांगलं.' हे भांडून मिळालंय.

तुमच्या माणसाचा आलेख उशीखाली जाऊ देऊ नका. देणाऱ्याला तिथंच थांबवा. विचारा, वर चांगलं की खाली? आणि उत्तर त्याच्याच हाताने कागदावर लिहून घ्या.