पेवावरची जपानी गोष्ट

पेवाचे तोंड उघडले की तिथले म्हातारे हमाल मामा पेटता कंदील दोरीने आत सोडीत. ज्योत विझली की शांतपणे म्हणत, "बसा दिवाणजी. आत अजून वारं न्हाई."

हळद साठवण्याचे हे जमिनीतले खोल खड्डे आपण हरिपूरला पाहिले असतील. आत कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते. ती निघून जाईपर्यंत तास-दोन तास थांबावे लागते. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत मी सांगलीच्या एका पेढीवर कारकून होतो. एम.ए. झालेला, पण चारचौघांत तोंड न उघडणारा. त्या थांबण्यात मी आजच्या एका जपानी लेखिकेच्या कथा इंग्रजीतून वाचीत असे.

"काय म्हणतीया तुमची बाई?" त्यांनी एकदा विचारले, आणि मी मराठीतून सांगू लागलो. माझे ते पहिले श्रोते.

त्या कथांत फारसे काही घडत नसे. कोणी भांडी घाशी, कोणाचे पत्र टाकायचे राहून जाई, आणि कथा मध्येच थांबे. ते हसत. "बाई लय चिक्कू हाय. शेवट घरीच ठेवून आली."

एका कथेत छत्र्या दुरुस्त करणारा म्हातारा दुरावलेल्या मुलीकडे जायला निघतो. फलाटावर गाडी येते. कथा संपते.

"चढला का त्यो?" या वेळी ते हसले नाहीत.

मला त्यांना निराश करवेना. "चढावं लागलंच नाही, मामा. त्याच गाडीतून मुलगी उतरली."

त्यांनी हातातली विडी न पेटवताच डबीत परत ठेवली. "बरं झालं सांगितलंसा. उद्या शिरवळला निघालो हुतो. पोरीनं मनानं लगीन केलं, तीन वर्सं तोंड बघितलं न्हाई. आता न्हाई जात. येईल तीच."

तो शेवट माझा आहे, एवढेच मला म्हणायचे होते. पण त्यांचा चेहरा इतका निवांत झाला होता की मी ते उद्यावर टाकले. पुढे आम्ही कितीतरी पेवांच्या तोंडाशी बसलो. मी दुसऱ्या कथा सांगत राहिलो.

दीड वर्षाने ते तापाने गेले. दिवसकार्य झाल्यावर त्यांची मुलगी पेवावर आली, कडेवर लहानगी लेक.

"अण्णा माझं नाव काढायचं का, दिवाणजी?"

"काढायचे."

"मग माझ्याकडं का आलं न्हाईत?"

मी खाली पाहिले. तिने अण्णांचे धोतर आणि विडीची डबी फडक्यात बांधली, लेकीला सावरले आणि ती स्टँडकडे निघाली. आईच्या खांद्यावरून ती लहानगी वळण येईपर्यंत माझ्याकडे पाहत होती.