श्रीरामपूरचे काडीमोडवाले

नगरच्या कोर्टातला तो पट्टेवाला मला एकदाच भेटला. बहात्तरच्या सुमारास कोपरगावच्या एका स्थळानं माझ्या घटस्फोटाच्या निकालाची नक्कल पाहायला मागितली, ती न्यायला मी गेलो होतो. श्रीरामपुरात आमच्या आळीला मात्र मी सांगत आलो होतो, की बायको माहेरी गेलीय.

मी पट्टेवाल्याच्या कानाशी लागलो. "पुकारू नका. मी इथंच उभा आहे."

"बरं," म्हणाला. आत जाऊन कागद आणला, तंबाखू थुंकला, पट्टा सरळ केला आणि माझ्या डोक्यावरून लिंबाखालच्या गर्दीकडे बघत ओरडला, "श्रीरामपूरचे काडीमोडवाले, हाजिर हाय का?"

"अहो, मी इथंच आहे!"

"दिसतंय की. पन तीनदा पुकारल्याबिगर कागद देत न्हाई आमी."

पुन्हा ओरडला. लिंबाखालून आमच्या आळीतला किराणावाला उठला. बांधाच्या खटल्यासाठी आला होता.

"म्हंजे, वैनी माहेरी न्हाईत व्हय?"

मी खांबाआड सरकलो. पट्टेवाल्यानं दंडाला धरून मला बाहेर काढलं. "लपता काय? त्या बाई येऊन गेल्या की मागल्या म्हैन्यात, याच निकालाच्या नकलेला. पैल्या पुकाऱ्यालाच 'हाय' म्हनल्या. लई खणखणीत."

घरात तिचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता.

त्यानं तिसऱ्यांदा पुकारलं.

"हाय," मी म्हणालो.

त्यानं कानामागं हात धरला. "ऐकू न्हाई आलं."

मग मी किराणावाल्याकडे वळलो. "आमचा काडीमोड झालाय," मी मोठ्यानं म्हणालो. "ती आपणहून माहेरी गेली नव्हती. मी धाडली होती."