मामांनी यंत्राची घेतलेली परीक्षा

आमच्या मामांनी कुणाच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला असेल, तर तो पाळण्यात असताना. पाटोद्याजवळच्या आमच्या गावात ते दूध संस्थेत दूध तपासायचे. दुधात काचेचा लॅक्टोमीटर सोडायचा, पाणी दिसलं की कॅन परत. मग तो खुद्द आमच्या मामीनं का आणलेला असेना! त्यापायी मामी रुसून कालवण करायची नाही, दोन-दोन दिवस कोरडी भाकरी खाल्ली, पण गडी हटला नाही. भाचीला स्थळ आलं, मुलगा परळीला कारखान्यात साहेब. मामा एसटीनं जाऊन त्याला खुर्चीत बसलेला बघून आले. घरी आल्यावर म्हणाले, "खुर्ची कुणाची व्हती, ते इचारायचं ऱ्हायलं की!" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा परळी. असल्या माणसाबरोबर दिवस काढायचे म्हणजे काय, ते आमच्या मामीलाच विचारावं.

त्या वर्षी दुष्काळ लई वाईट पडला होता. मामी दीड कोसावरून घागर आणायची. संस्थेला एकच बोअर मंजूर झाला होता, आणि तो कुठं मारायचा यावरून रोज भांडणं. तेवढ्यात शहरातून एक साहेब कॉम्प्युटर घेऊन आले. हे यंत्र म्हणे माणसासारखा विचार करतं. जमिनीची माहिती द्या, खाली पाणी आहे का ते सांगतं. मी संस्थेचा सेक्रेटरी, चार बुकं शिकलेला, त्यामुळं सगळ्यांत आधी मीच भाळलो. माळावरच्या जागेला यंत्रानं 'पाणी आहे' म्हटल्याबरोबर मी नारळ आणायला धावलो.

मामा म्हणाले, "सायब, ह्येनं आजवर कुटं पाणी दावलं?"

"परदेशात पुष्कळ प्रयोग झालेत."

"झाले आसतील. तुमी सोता बघितले का?"

साहेब चष्मा पुसू लागले. मग मामांनी गावातल्या चार जुन्या बोअरच्या जागांची माहिती दिली. माती, दगड, उतार, सगळं. फक्त पाणी लागलं होतं का, तेवढं सांगितलं नाही. पहिला आता आटला असला तरी मारला तेव्हा त्याला भरपूर पाणी लागलं होतं, बाकीचे तीन ठणठणीत कोरडे. यंत्रानं चारही ठिकाणी पाणी सांगितलं.

"ते अजून शिकतंय," साहेब पुटपुटले.

"शिकू द्या की. शिकलं की पुना या, च्या आमच्याकडं."

साहेब गेले, माळावरचा बोअर रद्द झाला आणि अख्खं गाव मामांवर चिडलं. मी तर आठवडाभर बोललोच नाही. होती नव्हती ती आशा या माणसानं घालवली, असं वाटायचं.

शेवटी मामाच संस्थेत आले, बाकावर बसले. "का रुसलास रं? पयल्या जागंला पाणी हाय म्हणलं, तवा माजं काळीज सुपायेवडं झालं. म्हणलं, खरं निगतंय की काय! कोरड्याची पाळी आली तवा म्या हात जोडलते. म्हणलं, येवडं एकदा न्हाई म्हण रं बाबा, तुजे पाय धरतो. माज्या बायकूचं पान्यासाटी हेलपाटणं सुटंल."

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. आता असली यंत्रं घरोघरी आहेत, विचाराल ते छातीठोकपणे सांगतात, आणि मामांची आठवण येते. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. त्यांचे जोडलेले हात मला दिसले नाहीत. माझं सगळं लक्ष हातातल्या नारळाकडं होतं.