वन्संचं मोजून वाढलेलं इंटरनेट

इंटरनेट पातेल्यानं मोजता येतं, असं छातीठोकपणे सांगणारी बाई साऱ्या इंग्लंडात एकच आहे, आणि ती आपल्या घरातली आहे. मी त्यांना वन्सं म्हणते, कारण त्या माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. तुम्ही त्यांना आत्याआजी म्हणता. तुमचे आजोबा त्यांना अजून बेबी म्हणतात, आणि पांढऱ्या केसांच्या, हातात काठी घेतलेल्या त्या बेबी वॉटफर्डच्या आपल्या छोट्या घरातून ‘ओ’ देतात. टोरांटोत तुम्हांला त्या फोनवरच भेटतात, तेही कॅमेरा मिनिटभर लावून. ‘पाहिलं सगळ्यांना, बरे आहात, आता बंद करा,’ एवढं म्हणून त्या दिसेनाशा होतात, म्हणून तुम्ही हसता. हसा, पण त्या अशा का आहेत हे तुम्हांला कुणी नीट सांगितलेलं नाही. मीरा, तुझ्या लग्नात आमचे चेहरे पडद्यावर का दिसले नाहीत, हेही तुला अर्धवटच ठाऊक आहे. म्हणून सगळं ओळीनं लिहिते.

वन्संची खरी ख्याती अंदाजाची. वॉटफर्डच्या आपल्या मंडळाचं गणपतीचं जेवण शाळेच्या हॉलमध्ये असतं आणि कितीतरी वर्षं त्याचा स्वयंपाक वन्संच्या नजरेखाली होत आला. येतो म्हणून कळवलेले येत नाहीत, आणि न कळवलेले पाहुण्यांसकट येतात, हे प्रत्येक मंडळात चालतं. वन्सं यादी बघतच नसत. हॉलच्या दाराशी कोट अडकवायच्या खुंट्या आहेत, तिथे जाऊन एक नजर टाकत, लहान मुलांचे कोट किती, म्हाताऱ्यांचे किती, ते बघत आणि आत येऊन सांगत, ‘मसालेभात पुरे झाला. पुऱ्यांची कणीक अजून थोडी मळा.’ शेवटच्या पंगतीला शेवटची पुरी पडे आणि पातेल्यात खरवड तेवढी राही. कुणी उपाशी गेलं नाही आणि कुणाला डबे भरून न्यावे लागले नाहीत. उरलं तर त्यांना उणं पडल्याइतकंच वाईट वाटे. ‘उरलं म्हणजे माणसं ओळखता आली नाहीत,’ असं त्यांचं म्हणणं.

हीच नजर त्यांनी पुढे इंटरनेटला लावली. त्यांच्या घरी केबल नाही. सिमकार्ड घातलेली साबणाच्या वडीएवढी एक डबी आहे, तिच्यातून घरभर वाय-फाय मिळतं आणि तिच्या इवल्या पडद्यावर या महिन्याचं किती उरलं ते दिसतं. अनलिमिटेड घ्या म्हणून कंपनीचा माणूस दर वर्षी फोन करतो. एकदा मी तिथेच होते. वन्संनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आपल्या ठसठशीत इंग्रजीत विचारलं, की अनलिमिटेड म्हणजे नक्की किती? तो म्हणाला, मॅडम, हवं तितकं. ‘पण मला किती हवं ते मला माहीत आहे,’ वन्सं म्हणाल्या, ‘तुम्हांला माहीत नाही, म्हणून तुम्ही अनलिमिटेड विकता.’ त्या माणसानं चक्क माफी मागितली.

त्यांची मापं स्वयंपाकघरातली. साधा निरोप म्हणजे चिमूट, फोटो म्हणजे चमचा, नुसत्या आवाजावर बोलणं म्हणजे वाटी, चेहरा बघत बोलणं म्हणजे पातेलं, आणि सिनेमा म्हणजे लग्नघरचं तपेलं. चित्र अतिशय स्वच्छ दिसावं म्हणून फोनमध्ये जी सोय असते तिला त्या ‘वरून तूप ओतणं’ म्हणतात, आणि घरी आलेल्याचं तूप आधी बंद करतात. त्यांच्या दारात पाहुण्याला दोन सूचना मिळतात. चपला इथे काढा, आणि फोनमधले आपोआप होणारे अपडेट बंद करा. मालिका त्यांना आवडतात, पण त्या घरी उतरवून घेत नाहीत. मंगळवारी टॅब्लेट पिशवीत घालून त्या गावातल्या लायब्ररीत जातात, तिथल्या वाय-फायवर आठवड्याचे भाग भरून घेतात आणि भरली घागर आणावी तशा सांभाळून घरी आणतात. लायब्ररीतली मुलगी त्यांच्यासाठी खिडकीजवळची खुर्ची राखून ठेवते, कारण तिथे लवकर भरतं हेही वन्संनीच तिला दाखवलं.

वरच्या खोलीत त्यांच्याकडे नागपूरची एक मुलगी भाड्यानं राहायची. गुणी पोर, बँकेत कामाला. एका रविवारी मी गेले होते, तर वन्सं पोहे हलवता हलवता तिला म्हणाल्या, ‘आईचा फोन रोज एक वाटी. ते मला ठाऊक आहे. हे पातेलं कुणाचं?’

‘काकू, ऑफिसचे कॉल्स असतात हो, लेट कॉल्स.’

‘ऑफिसला कुणी शनिवारी पातेलंभर दाखवत नाही.’

मुलगी लाल झाली. ‘काकू, तुम्ही माझा फोन चेक करता?’

‘छे ग, तुझ्या फोनला मी हात कशाला लावू? डबी बघते. बरा आहे ना पण मुलगा?’

मुलगा बरा होता. लेस्टरला राहत होता. मुलीच्या आईला हे दिवाळीत कळलं, वन्संना श्रावणात कळलेलं होतं. आणि एक शब्द कुठे बोलल्या नाहीत, उलट त्या महिन्यापासून घरखर्चाच्या इंटरनेटात त्या मुलाचं एक पातेलं धरू लागल्या.

तुमचे आजोबा या सगळ्याची यथेच्छ थट्टा करत. जन्मभर इंजिनिअर, त्यामुळे आमच्या ईलिंगच्या घरी सगळ्यांत वेगवान केबल, अनलिमिटेड, आणि टीव्ही बंद असला तरी त्यावर कुठलासा धबधबा चालू. ‘बेबी, आमच्याकडे नळ चोवीस तास सुरू आहे. तू कसली वाट्या घेऊन बसलीस?’ वन्सं म्हणत, ‘सुरू आहे तोवर बरं आहे, दादा.’ हे त्या चिडून म्हणत नसत, म्हणून आजोबांना ते जास्त लागे.

आता लग्नाचं. आजोबांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी विमान नको म्हटलं. तेव्हा टेबलाशी बसून त्यांनी मीरासाठी मंगलाष्टक लिहायला घेतलं. इथून आपण ते म्हणायचं, तिकडे हॉलमध्ये ऐकू जाईल आणि अंतरपाट दूर होताना आपण तिला पाहायची, असं त्यांनी ठरवलं. रोज आंघोळीनंतर म्हणून बघत. तिसऱ्या ओळीला श्वास कमी पडे, म्हणून त्यांनी तिथला एक शब्द बदलला, मग पुन्हा पहिलाच घातला. ते लग्नाला जाऊ शकत नव्हते, त्यामुळे त्यांच्या लेखी सगळं लग्न त्या चार ओळींत आणि त्या एका क्षणात येऊन बसलं होतं.

आणि त्या दिवशी सकाळीच आमच्या रस्त्यावर नवी केबल टाकणाऱ्यांनी जुनी तोडली. अख्ख्या गल्लीचं इंटरनेट गेलं. सोमवारी येऊ, असं उत्तर मिळालं. माझ्या मोबाइलवर थोडं होतं, ते मी मीराच्या बहिणीशी, सईशी, बोलण्यात संपवलं. तिकडे सकाळ होती, मीराचे केस चालले होते, कुणाची तरी मोजडी हरवली होती, आणि मोजडी सापडेपर्यंत मी बघत बसले. ती सापडली आणि माझ्या फोनमधलं इंटरनेट संपलं. आजोबा म्हणाले, ‘त्यात काय, आत्ता पैसे भरून वाढवून घेतो.’ त्यासाठी बँकेकडून एक आकडा यायचा होता. मोबाइलवर विश्वास नाही म्हणून आजोबांनी बँकेला घरच्या फोनचा नंबर दिलेला होता. आणि घरचा फोन हल्ली त्याच केबलवर चालतो. तो मेलेला होता. आजोबांनी त्या मेलेल्या फोनचा रिसीव्हर कानाला लावून पाहिला आणि परत ठेवला. मग म्हणाले, ‘राहू दे. सुखात होऊ दे तिचं लग्न.’ असं बोललेले ते मला मुळीच आवडत नाहीत, म्हणून मी मोबाइलवरून, त्याला इंटरनेट लागत नाही असा, साधा फोन लावून वन्संना सांगितलं.

मुहूर्ताला थोडा वेळ उरला असताना दार वाजलं. पावसाळी जाकिटाखाली पैठणी, नाकात नथ, हातात काठी, आणि पर्समध्ये नॅपकिनात गुंडाळलेली ती डबी.

‘वन्सं, किती आहे?’ मी दारातच विचारलं.

‘महिनाअखेर आहे, वहिनी. पण लग्नाचं मी वेगळं काढून ठेवलं होतं. घरी बसून बघणार होते.’

‘माझं सिम दुकानात भरत नाही, पण तुमचं भरतं ना? कोपऱ्यावरून भरून आणू का? पळत जाते.’

‘तुम्ही पळाल आणि इकडे मुहूर्त निघून जाईल. बसा. आहे त्यात करते मी.’

आणि त्यांनी तुझं लग्न वाढायला घेतलं. सईला फोन लावला. ‘सई, कॅमेरा बंद कर. आमचाही बंदच राहील.’

‘पण आत्याआजी, मग तुम्ही काहीच नाही बघणार! डेकोरेशन इज सो लव्हली!’

‘डेकोरेशन फोटोत बघू. आता नुसता आवाज. मी सांगेन तेव्हाच चित्र.’

‘आणि आम्ही मुलगी कधी बघायची?’ आजोबा कुरकुरले.

‘अंतरपाट दूर झाला की. तेवढं राखून ठेवलंय. गळा साफ कर तू.’

तर मीरा, म्हणून तुमच्या हॉलमध्ये आजोबांचा नुसता आवाज आला. मुलाकडच्यांना ते रेकॉर्डिंग वाटलं, असं मागाहून कळलं. रेकॉर्डिंग इतकं धापा टाकत नाही. पहिल्या दोन ओळी छान गेल्या. तिसरीला श्वास संपला. इथे शांत, तिकडे शांत, सई हळूच म्हणाली, ‘हॅलो? गेला का?’ आणि त्या शांततेत ती ओळ कुणीतरी उचलली. तुम्हांला वाटलं मी म्हटली. मी नाही म्हटली. डबीवरची नजर न काढता वन्संनी म्हटली. आजोबा कधीपासून ती फोनवर त्यांना ऐकवत होते, कुणास ठाऊक. चौथी ओळ दोघांनी मिळून म्हटली.

मग त्या म्हणाल्या, ‘सई, लाव आता.’

‘ऑन केली! दिसते का?’

दिसलं. अक्षता उडत होत्या, तुझ्या मुंडावळ्या एका बाजूला सरकल्या होत्या, आणि तू त्याच्याकडे न बघता आधी फोनकडे बघितलंस. आजोबांचे हात थरथरतात, म्हणून फोन वन्संनी त्यांच्या डोळ्यांसमोर धरला होता. माझा आजोबांच्या खांद्याआडून मान वाकडी करून चाललेला खटाटोप निराळाच. हार झाले. ठरल्याप्रमाणे इथे बंद करायचं आणि थोडं उरवून सप्तपदीला एकदा डोकवायचं. वन्संनी बोट पुढे केलं.

‘बेबी, थोडं राहू दे.’

‘दादा, मग सप्तपदी दिसायची नाही.’

‘न दिसू दे. अजून थोडं.’

पंगतीत हात धरून कुणी आग्रह केला तरी ज्यांनी आपला अंदाज मोडला नाही, त्या वन्संनी बोट मागे घेतलं. फोन तसाच धरून राहिल्या. तू गर्दीतून वाट काढत जवळ आलीस, अगदी पडदाभर झालीस, ‘आजोबा, मी दिसतेय ना?’ म्हणालीस, त्यांनी आशीर्वादाला हात वर केला, आणि पडदा काळा झाला.

‘संपलं?’ आजोबांनी विचारलं.

‘संपलं. पुरलं का?’

‘पुरलं ग.’

त्यानंतर आम्ही चहा केला आणि त्यांनी पिशवीतून बेसनाचे लाडू काढले. वन्सं तासाभरानं परतीच्या गाडीला गेल्या, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. फोन आजोबांकडे वळवलेला होता. वन्सं फोनच्या मागच्या बाजूला होत्या. पैठणी नेसून, नथ घालून, महिनाभर राखून ठेवलेलं सगळं घेऊन त्या वॉटफर्डहून आल्या, आणि लग्नातलं त्यांना काहीही दिसलं नाही. एका हातात फोन, दुसऱ्या हातात डबी, आणि समोर फक्त भावाचं तोंड.

मी त्यांना दुसऱ्या दिवशी फोनवर तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, ‘वहिनी, दादा असा हसलेला मी वडील गेल्यापासून पाहिला नव्हता.’ पुढे तुमची ती मोठी लग्नाची फिल्म आली, आमची केबलही जुळली होती. वन्संना बोलावलं, तर त्यांनी थोडीशी बघितली आणि चहा टाकायला उठून गेल्या.

आजोबा हल्ली जिना चढत नाहीत. दिवसभर खालच्या खोलीत टीव्हीसमोर असतात, ते मी तुम्हांला फोनवर सांगत नाही, आता लिहिते. वन्सं दर रविवारी येतात. खुर्ची ओढून आजोबांच्या समोर बसतात, टीव्हीकडे पाठ करून. आजोबा क्रिकेट बघतात, मध्येच कुणी बाद झालं की ओरडतात, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत वन्संही ‘अरेरे’ म्हणतात. मी दर वेळी म्हणते, ‘वन्सं, अशा काय बसता, या बाजूनं या, नीट दिसेल.’

त्या जागच्या हलत नाहीत. म्हणतात, ‘दिसतंय की मला.’