कोंबडीच्या पिसांचं फूल

बाळांनो, काल फोनवर तुम्ही नव्या रॅकेट दाखवल्यात, म्हणून हे आज लिहिते. वालूरच्या प्राथमिक शाळेत मी बॅडमिंटन शिकवत असे. शटलला तिथे फूल म्हणत. मोडकी फुलंही मी सरावासाठी मोजून ठेवी, आणि तीच एकेक करून कमी होऊ लागली. ती गोळा करायचं काम चौथीतल्या एका मुलीकडे होतं. जोरात मारायचा आव आणून फूल अलगद जाळीपलीकडे टाकणं तिला फार छान जमे. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हे मीच शिकवलं होतं. त्यामुळे तिचा भोळा चेहरा मला खरा वाटेना. जिंतूरच्या सामन्यांच्या यादीतून तिचं नाव खोडून मी सगळ्यांसमोर तिचं दप्तर उघडलं. खुराड्याचा वास आला. आत पाच फुलं होती, तुटक्या पिसांच्या जागी कोंबडीची तपकिरी पिसं दोऱ्यानं घट्ट बांधलेली. "सगळी नीट झाली की देनारच होते, मॅडम," ती म्हणाली. "मग मी जिंतूरला न्हाई का यायचं?" मी तिचं नाव पुन्हा लिहिलं. ती खेळली, जिंकलीसुद्धा, पण माझ्याकडे एकदाही न बघता. त्यातलं एक फूल माझ्या कपाटात आहे. ते अजून उडतं, जरा डावीकडे.