न पाहिलेला रस्ता

हे मी आजवर कोणाजवळच बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुमच्याजवळ बोलतोय – तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल, किंवा आता आत ठेववत नाही म्हणून. नक्की कशानं, ते मलाही सांगता येत नाही.

मी रफिक. वडशात माझं सायकलीचं दुकान आहे. नामदेव माझा शाळेपासूनचा मित्र. हिवाळाभर तो झाडीपट्टीच्या नाटकांत काम करायचा – नाचायचा, लढायचा. गावोगावचे लोक त्याला नावानं हाक मारायचे. एका वर्षी त्याच्या मनात आलं, नाटकं सुरू व्हायच्या आधी आपण दोघांनी सायकलवर आपलाच मुलूख पाहून यावा. आरमोरीवरून वैरागडचा किल्ला, मग मार्कंड्याची देवळं, नदी ओलांडून पोंभुर्णा, शेवटी चंद्रपूरचा परकोट. काय पाहायचं ते त्यानं ठरवलं. कुठून जायचं ते मी.

मोठ्या रस्त्यावर ट्रक फार. पोंभुर्ण्याच्या अलीकडे जंगलातून एक आडरस्ता मोबाईलवर दिसत होता – सरळ, सावलीचा. नामदेव म्हणाला, पावसाळा आत्ताच सरला, एकदा पाहून ये. मी मोटरसायकल काढली. आरमोरीला बहिणीकडे थांबलो, जेवलो, जरा आडवा झालो... आणि तिथूनच परत फिरलो. गाडी बिघडली होती? नाही. तब्येत? तीही बरी होती. कंटाळा आला, एवढंच.

"पाह्यला?" त्यानं विचारलं.

"पाह्यला. मस्त आहे."

तुम्हाला वाटेल, हीच माझी चूक. हीच असती तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी आम्ही त्या रस्त्याला लागलो. उतार होता. नामदेव पुढे, हात सोडून, कुठल्याशा नाटकातलं पद म्हणत. त्यानं ब्रेक का दाबावा? रस्ता मी पाहिलेला होता ना! खालच्या नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, अर्धा वाहून गेला होता. वळणामुळे तो दिसला नाही. दिसला तेव्हा उशीर झाला होता. मोळ्या घेऊन येणाऱ्या बायांनी हाका मारून गावातली माणसं आणली, आणि त्यांनी त्याला खाटेवर घालून डांबरी सडकेपर्यंत नेलं.

चंद्रपूरच्या दवाखान्यात शकूनवहिनी आल्या – त्याची बायको. त्यांच्या मनात माझ्याविषयी काही नव्हतं. सहज विचारलं, "भाऊ, तुमी तं रस्ता पाहून आले होते ना?"

आणि मी म्हणालो – "आलो होतो ना. रपटा फुटला आहे, हळू जाजो, म्हणून सांगतलं होतं त्याले. आयकलंच नाई."

का? मला कोणी धरलं नव्हतं, दोष दिला नव्हता. तरीही ते वाक्य तोंडातून असं निघालं, जसं आधीपासून तयारच होतं.

वहिनींनी ते त्याला माझ्यासमोरच विचारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. आता बोलेल, आता सगळं संपेल – मला वाटलं, आणि खरं सांगतो, मी तयार होतो. पण तो हळूच म्हणाला, "तूनं सांगतलं असन. माह्यंच ध्यान नसन." मग म्हणाला, "तुही टूर खराब केली मी."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं ना? मी त्याच्या अंगावरची चादर नीट केली.

पायात सळई आहे त्याच्या. रंगमंचावर उभं राहणं सुटलं. आता पडद्यामागं बसून दुसऱ्यांना त्यांची वाक्यं सांगतो. घरात कशावरून वाजलं की वहिनी म्हणतात, रफिकभाऊनं सांगतलं होतं तुमाले. तो मान खाली घालतो.

मागच्या महिन्यात तो लेकीला घेऊन दुकानात आला होता. तिला शाळेत जायला सायकल हवी होती. मी सीट खालीवर करून देत होतो. तो काठी टेकून उभा. तिला म्हणाला, "काका सांगन तशी चालवजो. मी नाई आयकलं याचं, तं पाय पाह्य माह्या."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली – होय म्हणून.